किशोरवयीन मुलांचे हृदय आणि चयापचय कसे सांभाळावे: पालकांसाठी मार्गदर्शिका

भारत सरकारने २०१६ ते २०१८ या काळात युनिसेफच्या साहाय्याने जे सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण केले, त्यात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या उंची-वजनाबरोबर रक्ताचीही तपासणी झाली. सुमारे २४ टक्के मुले वयाच्या मानाने बारीक आढळली, तर जादा वजनाची किंवा लठ्ठ मुले ५ टक्क्यांच्या आसपास होती. मात्र त्याच सर्वेक्षणात सुमारे १० टक्के मुलांची रक्तशर्करा पूर्वमधुमेहाच्या पातळीत होती, सुमारे १६ टक्के मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी जास्त होती आणि ५ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की हिशेब सोपा आहे. साखर वाढलेली मुले जाड मुलांच्या दुप्पट आहेत. म्हणजे प्रत्येक जाड मुलाची साखर वाढलेली आहे असे मानले, तरी उरलेली निम्मी मुले जाड नाहीत.

आपल्या घरांतून मात्र काळजीची वाटणी उलटी होते. जाड मुलाला येता-जाता टोमणे मिळतात आणि बारीक मुलाच्या ‘अंगाला काही लागत नाही’ म्हणून त्याच्या ताटात साखर, तळण आणि बिस्किटे वाढत जातात. दोन्ही रीती चुकीच्या आहेत, आणि त्या का चुकीच्या आहेत हे समजून घेण्यासाठी पुण्यातील एका संशोधनाकडे पाहावे लागते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांना पुढे झालेल्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा आपल्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची निघाली. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून कृश आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण जन्मापासूनची आहे. मोठ्या वयातील तिचे रूप याज्ञिक यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांचे उदाहरण देऊन दाखवले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

या ठेवणीवर वयात येण्याच्या काळाची भर पडते. या वर्षांत वाढीच्या संप्रेरकांमुळे प्रत्येकच मुलाचे शरीर रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला काहीसे कमी दाद देते आणि ते तयार करणाऱ्या स्वादुपिंडाला जास्त काम करावे लागते. सुदृढ मुलांमध्ये वाढ पूर्ण झाली की हा ताण ओसरतो. ज्याचे स्नायू थोडे, पोटावरची चरबी जास्त आणि झोप अपुरी, त्याच्यात तो ओसरेलच असे नाही. हृदयाच्या बाबतीतही आरंभ लवकर होतो. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात १९७३ पासून चाललेल्या बोगालुसा अभ्यासात अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्या तरुण मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या गेल्या आणि त्यांत चरबीचे पट्टे सापडले. जिवंतपणी ज्यांचा रक्तदाब, वजन आणि कोलेस्टेरॉल जास्त होते, त्यांच्यात ते अधिक होते.

म्हणून या मार्गदर्शिकेत वजन उतरवण्याचा कार्यक्रम नाही. स्नायू वाढवणे, कंबर आटोक्यात ठेवणे आणि झोप पुरी करणे ही तीन कामे बारीक मुलासाठी जेवढी लागू आहेत, तेवढीच जाड मुलासाठीही आहेत.

आधी मोजमाप

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घरात आणावी. मुलाने सरळ उभे राहावे, श्वास सहज बाहेर सोडावा आणि सर्वांत खालची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी, न आवळता धरावी. आलेला घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १५६ सेंटिमीटर असेल, तर कंबर ७८ च्या आत हवी. मुलगा-मुलगी किंवा वय पाहून वेगळे तक्ते उघडावे लागत नाहीत, हा या मापाचा मोठा फायदा. बारीक दिसणाऱ्या पण पोट सुटलेल्या मुलाला हेच माप नेमके पकडते.

बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तोही काढावा. पण त्याला मोठ्या माणसांचे निकष थेट लावू नयेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी सुधारित वाढतक्ते प्रसिद्ध केले. प्रौढांतील २३ आणि २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या जादा वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा त्यांत वयानुसार काढलेल्या आहेत. बालरोगतज्ज्ञांकडे हे तक्ते असतात. दर सहा महिन्यांनी त्यावर एक टिंब द्यावे आणि एका टिंबापेक्षा टिंबांची दिशा पाहावी. दिल्लीत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील ज्यांना तरुणपणी मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था गाठून बसली, त्यांच्यापैकी एकही जण बाराव्या वर्षी लठ्ठ नव्हता. ते बालपणी बारीक होते आणि नंतर वरच्या वरच्या रेषा ओलांडत गेले होते.

मान आणि काख यांच्याकडेही लक्ष असू द्यावे. तेथील कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड झाली, तर तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण असते. अनेक घरांत अशी मान बेसन आणि लिंबू लावून महिनोन्‌महिने घासली जाते. त्याने कातडी सोलवटते आणि डॉक्टरांकडे जायला उशीर होतो.

रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा. मुलाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली व पाय जमिनीवर असावेत, उजवा हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि यंत्राचा पट्टा दंडाच्या मापाचा असावा. सैल किंवा अपुरा पट्टा आकडा चुकवतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या निकषांनुसार १३ वर्षे आणि त्यापुढे १२०/८० च्या आतला दाब सामान्य, तर १३०/८० किंवा त्याहून अधिक दाब उच्च समजावा. एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये; वेगवेगळ्या तीन दिवशी तो वर आला, तरच तो वाढलेला मानतात. तेराच्या आतील मुलांसाठी वय, लिंग आणि उंची यांवर आधारलेले तक्ते आहेत, ते डॉक्टरांवर सोपवावेत.

ही सगळी मोजमापे खासगीत करावीत. पाहुण्यांसमोर ‘किती भरलास रे’ असे म्हणत वजनकाट्यावर उभे केलेले मूल पुढच्या वेळी काट्याजवळ येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर अशा एका वाक्यातून जेवण टाळण्याची सवय सुरू होऊ शकते.

रक्ततपासणी कोणाची करावी

सरसकट सर्व मुलांना प्रयोगशाळेच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजला नेण्यात अर्थ नाही. कंबर किंवा वजन रेषेबाहेर असेल आणि सोबत आईवडिलांना मधुमेह असेल, आईला गरोदरपणी साखर झालेली असेल, मान काळवंडली असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा मुलीची पाळी फार अनियमित असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी करावी. उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅमच्या आत सामान्य, १०० ते १२५ पूर्वमधुमेह आणि १२६ किंवा त्यापुढे मधुमेहाचा संशय असे समजतात.

अहवाल वाचताना एक गफलत वारंवार होते. अनेक प्रयोगशाळा कागदावर प्रौढांच्या मर्यादा छापतात. प्रौढांमध्ये ट्रायग्लिसराइड १५० पर्यंत चालते; १० ते १९ वर्षांच्या मुलांत मात्र ९० च्या आतील आकडा चांगला, १३० किंवा अधिक म्हणजे जास्त. त्यामुळे १४० आकडा असलेल्या मुलाच्या अहवालावर ‘नॉर्मल’ असे छापून येऊ शकते. वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ११० च्या आत आणि चांगले समजले जाणारे एचडीएल ४५ च्या वर असावे. शिवाय रक्तक्षय असेल, तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी लोहाच्या कमतरतेमुळे प्रत्यक्षाहून जास्त आकडा देऊ शकते. आपल्याकडे किशोरवयीन मुलींत रक्तक्षय इतका आहे की हिमोग्लोबिन न पाहता केवळ या चाचणीवर मुलीच्या कपाळी शिक्का मारू नये.

हालचाल: एक तास, आणि त्यात ताकदीचे काम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दमछाक करणारी हालचाल तसेच स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. मध्यम म्हणजे काय, हे ओळखण्याची सोपी खूण अशी की बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत आणि मुलींत हे प्रमाण ८५ टक्के आहे. त्यामुळे आपलेच मूल आळशी आहे, असे समजून त्याला लाज आणण्यात हशील नाही.

त्या सूचनेतील ‘सरासरी’ हा शब्द नववी-दहावीच्या घरांना सोडवणारा आहे. रोज तास जमलाच पाहिजे असे नाही. मंगळवारी पंचवीस मिनिटे झाली आणि रविवारी दोन तास मैदानावर गेले, तर आठवड्याचा हिशेब जुळतो. तुकड्यातुकड्यांनी केलेली हालचालही धरली जाते. सकाळची शाळा, दुपारी जेवण, चारपासून आठपर्यंत क्लास असा दिवस असलेल्या मुलाने क्लासला स्कूटरवर मागे बसून जाण्याऐवजी सायकलने गेल्यास जाऊन-येऊन अर्धा तास तिथेच निघतो. सकाळी आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटे सूर्यनमस्कार आणि रात्री जेवणानंतर घरच्यांबरोबर एक फेरी, एवढ्यात तास भरत आला. फेरी जेवणानंतरच मारावी, कारण चालणारा स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो. स्नायू हेच जेवणानंतरच्या साखरेचे सर्वांत मोठे कोठार आहे, आणि आपल्या मुलांचे ते कोठार मुळातच लहान असल्यामुळे केवळ चालण्यावर थांबून चालत नाही.

ताकदीच्या व्यायामासाठी जिमची गरज नाही. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, पुल-अप्स, शाळेत असेल तर मल्लखांब, पाण्याची बादली किंवा धान्याची पिशवी उचलून जिने चढणे, हे सगळे त्यात येते. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड करावे. सुरुवातीला जेवढे बरोबर जमतात तेवढेच जोर काढावेत आणि जमले नाहीत तर भिंतीला हात टेकून काढावेत. आखाड्यात वाढलेल्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते. वजने उचलल्याने उंची खुंटते, हा समज खरा नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने आणि बेताच्या वजनाने केलेला व्यायाम या वयात सुरक्षित आहे. खरा धोका सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जिममध्ये विकल्या जाणाऱ्या पावडरींत, गोळ्यांत आणि इंजेक्शनांत आहे, आणि त्यांना घरातून स्पष्ट नकार मिळायला हवा.

मुलींबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. पाळी सुरू झाली की अनेक मुलींचे खेळणे आपोआप सुटते. कोणी बंदी घालत नाही, पण मैदानावर बदलायला आडोसा नसतो, संध्याकाळी परतायला उशीर होतो आणि घरात कामाला हात लागतो. पालकांनी खो-खो किंवा कबड्डीच्या सरावाची वेळ, सोबत आणि चांगले स्पोर्ट्स कपडे यांची तजवीज करणे, हा हृदयाच्या आरोग्याचाच भाग आहे. पाळीच्या दिवसांत त्रास नसेल, तर खेळण्यास वैद्यकीय आडकाठी नाही. शाळेतील खेळाचा तास गणिताला दिला जात असेल, तर पालकसभेत तो परत मागावा. पोर्शन पूर्ण होण्याचा आनंद मानत गप्प बसणारे पालक या बाबतीत शाळेइतकेच जबाबदार आहेत.

ताट: काय काढावे याआधी काय घालावे

मराठी घरातील जेवण वाईट नाही, पण एकांगी आहे. सकाळी पोहे, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, दुपारी बिस्किटे, रात्री वरण-भात, ज्यात वरण पातळ आणि भात भरपूर. पोट भरते, पण स्नायू बांधायला लागणारी प्रथिने कमी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम व मुलीला ४३ ग्रॅम, तर १६ ते १८ वयात अनुक्रमे ५५ आणि ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. एका वाटी घट्ट वरणात किंवा उसळीत साधारण ६ ते ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, एक पेला दुधात ६ आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. धान्यांतूनही काही मिळतातच. म्हणजे महागडा डबा आणायची गरज नाही. प्रत्येक जेवणात एक प्रथिनांचा पदार्थ हवा, एवढाच नियम पुरतो.

तो पाळायला आपल्या स्वयंपाकघरात साधने भरपूर आहेत. पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि वाटाणे घालावेत आणि सोबत उकडलेले अंडे किंवा ताक द्यावे. बटाट्याच्या भाजीऐवजी डब्यात मटकीची उसळ, चवळी, पिठले किंवा पालक घातलेली घट्ट डाळ द्यावी. थालीपिठाची भाजणी ही धान्य आणि डाळी यांची उत्तम जोडी आहे; फक्त त्यावर तेल सोडताना हात आखडता ठेवावा. कोकणात आणि गोव्यात बांगडा व तारली हे स्वस्त मासे हृदयासाठी चांगली चरबीही देतात. ते तळण्यापेक्षा कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजून खावेत. भाताची मूद एक ठेवून भाजी, कोशिंबीर आणि फळ मिळून अर्धे ताट व्हावे. ज्वारी-बाजरीची भाकरी ज्या घरात आवडते तिथे ती परत आणावी, पण आवडत नसेल तर केवळ ‘मिलेट’ म्हणून पाकीटबंद कुकीज आणू नयेत. त्यांत बहुधा साखर आणि मैदा भरपूर असतात.

उपवासाची गोष्ट थोडी नाजूक आहे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तूप, शेंगदाण्यांचा अपवाद वगळता. मुलांनी उपवास करायचाच असेल, तर वरी आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही आणि फळे असा बेत बरा.

आता काय कमी करावे ते. सर्वांत आधी गोड पेये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे म्हटले आहे, म्हणजे चार ते पाच चहाचे चमचे. नेहमीच्या गोड कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत तेवढी साखर एकट्यानेच येते. दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसातून दोनदा घेतला की तिथेच वीस ग्रॅम झाली. पाकीटबंद फळांचा रस, दुधात घालायची चॉकलेटी ‘शक्तिवर्धक’ पावडर, गोड योगर्ट आणि एनर्जी ड्रिंक हेही याच हिशेबात धरावे. एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफीनही असते आणि ते या वयात मुळीच देऊ नये. तहान पाण्याने, ताकाने किंवा साखर बेताची असलेल्या लिंबू सरबताने भागवावी. पाकिटावरचे आकडे नेहमी १०० ग्रॅममागे वाचावेत. ‘एका सर्व्हिंग’चा छोटा आकडा मुलाने सबंध पाकीट संपवल्यावर उपयोगाचा राहत नाही.

मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा आहे. पापड, लोणचे, वेफर्स, फरसाण आणि झटपट नूडल्सची मसाल्याची पुडी यांतून ती कधी ओलांडली जाते, ते कळतही नाही. रक्तदाब काठावर असलेल्या मुलासाठी घरात पहिली काटछाट इथेच करावी.

वडापाव, मिसळ, पाणीपुरी यांवर संपूर्ण बंदी घालणारी घरे मला शहाणपणाची वाटत नाहीत. जे घरी बंद, ते क्लासच्या कोपऱ्यावर चालू होते. आठवड्यातला एक दिवस ठरवावा, ताजे तळलेले खावे, पुन्हा पुन्हा तापवलेल्या काळ्या तेलाची गाडी टाळावी आणि तो दिवस आनंदाने साजरा करावा. शाळेच्या आवारातील गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली आणि २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी शाळेपासून ५० मीटरच्या परिसरातही ती मनाई लागू केली. आपल्या शाळेत काय विकले जाते, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावे.

जाड मुलाला उपाशी ठेवणे, रात्रीचे जेवण बंद करणे किंवा मोठ्यांचे डाएट त्याला लावणे, यांतले काहीही करू नये. वाढत्या वयात वजन तेवढेच राहिले आणि उंची वाढली, तरी बॉडी मास इंडेक्स आपोआप उतरतो. बहुतेक मुलांत एवढे पुरते.

लोहाचा विचार इथेच करायला हवा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी जिना चढताना दमते, मग खेळ सोडते, आणि घरच्यांना ती आळशी वाटते. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी जेवणानंतर नियमाने घ्यावी, पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा.

झोप आणि पडदा

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या आपल्या सात निकषांत आठवा म्हणून झोपेची भर घातली, ती उगीच नाही. झोप कमी पडली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, तृप्ती सांगणारे कमी होते, गोड आणि तळलेले जास्त हवेसे वाटते आणि इन्सुलिनचे काम मंदावते.

वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते. म्हणून अकराला झोप न येणारा पंधरा वर्षांचा मुलगा दरवेळी हट्टी नसतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ती आठवी ते बारावीची मुले त्यात आली नाहीत आणि सातची शाळा अनेक ठिकाणी चालूच आहे. ती बदलेपर्यंत घरात करता येण्याजोगे असे: सकाळी उठल्याबरोबर खिडकी उघडून किंवा गॅलरीत उभे राहून उजेड घ्यावा, संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी टाळावी, रात्रीचे जेवण साडेआठच्या सुमारास आटोपावे आणि रविवारी उठण्याची वेळ इतर दिवसांपेक्षा फार तर तास-दीड तास पुढे जाऊ द्यावी. परीक्षेच्या महिन्यात रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलाचे कौतुक करू नये. पाठ केलेले डोक्यात पक्के होते ते झोपेत.

मोबाइल रात्री झोपण्याच्या खोलीबाहेर, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, आणि हा नियम आईवडिलांनाही लागू असावा. तसा नसेल तर तो आठवडाभरही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यासमोरच्या वेळेला आकडा दिलेला नाही. कॅनडाच्या २०१६ च्या सूचनांत करमणुकीसाठी दिवसाला दोन तासांची मर्यादा आहे, ती व्यवहारात बरी वाटते. अभ्यासाचा पडदा त्यात धरू नये, पण दर पाऊण तासाने उठून पाणी आणायला जायचे, एवढी शिस्त त्यालाही लावावी. जेवताना पडदा नको.

तंबाखू

हा भाग छोटा आहे, कारण त्यात तडजोडीला जागा नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने देशभर बंदी आहे आणि तरीही मावा, मिश्री व व्हेप मुलांपर्यंत पोहोचतात. निकोटीन कोणत्याही रूपात रक्तवाहिन्यांना इजा करते. घरात कोणी सिगारेट किंवा बिडी ओढत असेल, तर मुलाला उपदेश करण्याआधी ते घराबाहेर न्यावे. सोडता आले तर उत्तमच.

सुरुवात कशी करावी

एकाच सोमवारी सगळे बदलू नये. पहिल्या पंधरवड्यात फक्त घरातली गोड पेये थांबवावीत आणि मोबाइल रात्री बाहेर ठेवावा. ते अंगवळणी पडले की जोर-बैठकांचे तीन दिवस ठरवावेत, मग डब्यातली प्रथिने. बदल सबंध घराने करावा. एका मुलाला भाकरी आणि त्याच्या बारीक भावाला वेफर्स, अशी पंगत मांडली की मुलाला तो आहार शिक्षा वाटू लागतो. काय सुरू करायचे ते मुलालाच निवडू द्यावे; पोहायचे की खेळायचे, सायकल की दोरी. आजी-आजोबांना विश्वासात घ्यावे, कारण लाडाचा पेढा बहुधा त्यांच्याच हातून येतो. यश वजनावर मोजू नये. तीन महिन्यांनी किती जोर सलग निघतात, जिना चढून धाप लागते का, कंबर आणि उंचीचे प्रमाण कुठे आले, एवढे पाहावे.

काही लक्षणांत मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. सतत तहान लागणे, वारंवार लघवीला जाणे आणि वजन झपाट्याने उतरणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी साखर तपासावी. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, व्यायाम करताना छातीत दुखले किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, झोपेत जोराने घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखे झाले, किंवा पहिल्या पाळीनंतर दोन-तीन वर्षे उलटूनही पाळी महिनोन्‌महिने येत नसेल व सोबत चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. खर्चाची अडचण असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय व अनुदानित शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतात आणि पुढे शासकीय रुग्णालयात पाठवतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही किशोरवयीन मुलांसाठी सल्ला केंद्रे चालतात. जाताना मागील दोन वर्षांतील उंची, वजन व कंबर यांच्या तारीखवार नोंदी, घरात कोणाला कोणत्या वयात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार झाला याची यादी आणि मुलाच्या जन्माच्या वेळचे वजन लिहून न्यावे. काही मिनिटे मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे.